गाडीची डावी बाजू

निर्मळच्या गंगारामभाऊंकडे एक जपानी गाडी होती आणि त्या गाडीला फक्त डावी बाजू होती. म्हणजे उजवीही होती, पण तिच्याकडे बघायचं नाही असं ठरलेलं होतं. डावी बाजू अशी लखलखीत की तिच्यात बघून दाढी करावी. उजव्या बाजूवर तोंडलीचा वेल चढलेला, आरशाला तोंडली लोंबलेली आणि मागच्या काचेवर कावळ्यांची रांगोळी. गाडी मधोमध कापली असती तर दोन्ही अर्ध्यांनी एकमेकांना ओळख दिली नसती.

दर एकतीस डिसेंबरला दुपारी भाऊ बादली, शाम्पूची पुडी आणि जुना बनियन घेऊन गाडीपाशी जात. डावीकडच्या दोन टायरांत पायाच्या पंपाने हवा भरत. उजवीकडच्या दोघांचा प्रश्नच येत नसे, त्यामुळे गाडी पंगतीत पोटभर जेवलेल्या माणसासारखी एका अंगावर कललेली असे. मग डावी बाजू धुऊन, पुसून, कोरडी करून, उन्हं कलली की भाऊ मोबाइलवर तिचा एक फोटो काढत आणि जपानला पाठवून देत. फोटोखाली एकच वाक्य : कार इज सेम. पाच मिनिटांत तिकडून जोडलेल्या हातांचं चित्र येई आणि खाली ‘थँक्यू गंगासान’. झालं. पुढची एकतीस डिसेंबर येईपर्यंत भाऊ गाडीकडे ढुंकून बघत नसत.

‘‘अहो, हे खोटं नाही का?’’ यशोदाबाईंनी एकदा विचारलं होतं.

‘‘फोटोत दिसतं ते खरं आहे ना? मग?’’

हा युक्तिवाद कोर्टात टिकला असता की नाही देव जाणे, घरात तर टिकला नाहीच. पण यशोदाबाईंनाही गाडी होती तिथेच हवी होती, त्याचं कारण पुढे येईल. म्हणून त्यांनी विषय वाढवला नाही.

फोटो जायचा तो हिरानो साहेबांना. वालीवच्या एका कारखान्यात हे साहेब पाच वर्षं होते आणि ती पाचही वर्षं गंगारामभाऊ त्यांचे ड्रायव्हर. साहेब बायकोमुलांसकट आले आणि येताना घरची गाडीही बोटीतून घेऊन आले. इथे त्यांना हव्या तेवढ्या गाड्या मिळाल्या असत्या, पण त्यांच्या धाकट्या मुलीला त्या एकाच गाडीच्या मागच्या सीटवर झोप लागायची. बटण दाबलं की गाडीचा मागचा दरवाजा आपोआप सरकायचा. तो बघायला पहिल्या रविवारी अर्धं निर्मळ आलं होतं. चावी फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलायची. भाऊ रोज तिला नमस्कार करत. वर्षभराने साहेबांनी खुलासा केला की ती टोलचं कार्ड मागते आहे, आणि ते कार्ड जपानातच राहिलं. तेव्हापासून भाऊंचा तिच्याबद्दलचा आदर आणखीच वाढला. तीच गोष्ट रोज मागायची, रोज मिळायची नाही आणि आवाज मात्र जराही चढवायचा नाही, हे त्यांनी घरी येऊन यशोदाबाईंना मुद्दाम सांगितलं. यशोदाबाईंनी त्या रात्री आमटीत मीठ घातलं नाही.

साहेब मागे बसत नसत. पुढे, डावीकडे, ड्रायव्हरच्या शेजारी. तिथे बसून ते मराठी शिकले, आणि ते भाऊंकडून शिकले, त्यामुळे त्यांना जी मराठी आली ती सगळी रस्त्यावरची. डावीकडे, उजवीकडे, खड्डा, म्हैस, रस्ता बंद, गाडी चालू, गाडी बंद. एका जुलैत मुलीला ताप भरला आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, तेव्हा भाऊंनी सगळ्यांना सुखरूप पोचवलं. त्या दिवशी साहेब ‘दवाखाना’ शिकले.

जाताना साहेबांनी चावी दोन्ही हातांनी भाऊंच्या हातात दिली. आधी गाडीपुढे वाकले, मग भाऊंपुढे. ‘‘गंगासान, गाडी नीट?’’

‘‘नीट साहेब. जशीच्या तशी ठेवीन.’’

आयुष्यात भाऊंपुढे कमरेतून वाकलेला तो एकच माणूस. तो शब्द भाऊंनी आठ वर्षं पाळला. गाडी धुतली, फिरवली, शनिवारी पुसली. मग एका वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपावर, मग कुलपात किल्ली घालताना, मग स्टिअरिंगवर. भाऊंनी गाडी कुंपणाच्या भिंतीशी नेऊन उभी केली आणि जगाला सांगितलं की एक पार्ट खराब झालाय, जपानशिवाय मिळत नाही. कुठला पार्ट ते कुणी विचारलं तर ‘तुला नाही कळायचं’ म्हणत. पार्ट खांद्यापासून खाली, बोटांपर्यंत होता. डॉक्टरचं नाव काढलं की भाऊ बागेत पाणी सोडायला निघून जात, मग बाग चिंब भिजलेली का असेना.

उभी गाडी म्हणजे रिकामी खोली, आणि रिकामी खोली यशोदाबाईंना सहन होत नाही. त्या दरवर्षी सुकेळी करतात. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि आठवडाभर उन्हात वाळवायची, की ती मधासारखी गोड आणि चिवट होतात. त्यात कावळे, माश्या आणि धूळ या तिघांशी सतत भांडण. एकदा कावळ्यांना वैतागून त्यांनी दोन सुपं गाडीत ठेवली आणि काच दोन बोटं उघडी सोडली. चार दिवसांत आठ दिवसांचं काम झालं, आणि सुकेळ्यांना असा रंग आला की बघत राहावं. पुढच्या वर्षी मागच्या सीटा झोपल्या आणि त्यांच्यावर सुपंच सुपं आली. आता बोळिंजच्या बिल्डिंगींमधून बायका फोन करून विचारतात, ‘‘काकू, गाडीतलीच आहेत ना? आम्हाला बाहेरची नकोत.’’

पुढची उजवी सीट शेजारच्या वाडीतल्या फर्डिनंडच्या तपकिरी कोंबडीने घेतली होती. तिला अंडी घालायला आणि उबवायला दुसरी कुठलीही जागा पसंत पडत नसे.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना फेब्रुवारीत एका शनिवारी भाऊंचा मोबाइल वाजला. ‘रविवार, दहा वाजता, निर्मळ. गंगासान घरी?’ निरोप हिरानो साहेबांचा होता, पुढच्या रविवारचा. साहेब मुंबईला येणार होते.

भाऊ ओट्यावर बसले ते उठेचनात.

‘‘अहो, आनंदाची गोष्ट आहे,’’ यशोदाबाई म्हणाल्या.

‘‘ते गाडी बघायला येतायत.’’

‘‘यात गाडीचं नाव तरी आहे का?’’

‘‘नाव कशाला लागतं? तेरा वर्षं मी त्यांना गाडीशिवाय दुसरं काय पाठवलंय? गावात मला कुणी काही म्हणो. पण त्या माणसाने मला खोटारडा म्हटलेलं मला नाही चालायचं. मी मरेन.’’

‘‘रविवारच्या आधी मरू नका, पाहुणे यायचेत,’’ यशोदाबाई म्हणाल्या आणि सुपं हलवायला गेल्या. म्हणजे एका सुपातली केळी उलटून परत तिथेच ठेवायला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ कामाला लागले. पहिल्यांदा तोंडलीचा वेल. तो ओढला तर आरसाही बरोबर आला. वेलाने दारावर जिथे जिथे पाय रोवले होते तिथला रंग उडाला होता, म्हणून भाऊंनी तिथे चिंच चोळली. देवघरातली समई चिंचेने उजळते, त्या हिशेबाने गाडीही उजळायला हरकत नव्हती. गाडीने हिशेब मानला नाही. मग आत हात घातला तेव्हा सीटखालून निघालं ते असं : तीन नासकी केळी, एक खुरपं, गेल्या दिवाळीपासून हरवलेलं यशोदाबाईंचं किसणं, आणि साहेबांच्या मुलीचा एक गुलाबी मोजा. मोजा भाऊंनी धुऊन दोरीवर वाळत घातला.

मंगळवारी वालीवहून अल्पेश मेकॅनिक आला. वाकला, बघितलं, आणि उभा राहिला.

‘‘काका, बॅटरी मी टाकतो. टायर चारी भरतो. बाकी इंजिनला हात नको लावूया. आत कोणीतरी राहतंय.’’

‘‘आणि उजव्या बाजूचा रंग?’’

‘‘रविवारपर्यंत? तुमचा कलर आता मिळतच नाय ना काका. मॅच नाय झाला तर अजून उठून दिसेल.’’

भाऊंनी रात्रभर विचार केला आणि बुधवारी त्यांना तोडगा सापडला. अल्पेशच्या चार माणसांना बोलावून त्यांनी गाडी उजव्या अंगाने भिंतीला अशी चिकटवून उभी केली की मधून मुंगीही आडवी होऊनच जाईल. ‘‘बघ,’’ ते यशोदाबाईंना म्हणाले, ‘‘आता कोण बघतंय उजवी बाजू?’’

‘‘आणि साहेब स्टिअरिंगवर कुठून बसणार?’’

‘‘साहेब कायम डावीकडे बसायचे. रविवारीही डावीकडेच बसतील. जपानी माणूस सवय मोडत नाही.’’

राहिली कोंबडी. भाऊ कुंपणापाशी गेले आणि फर्डिनंडला हाक मारली. फर्डिनंड चर्चच्या कॉयरमध्ये पस्तीस वर्षं गायलेला माणूस, साधं बोलला तरी सगळ्या आळीला ऐकू जायचं.

‘‘गंगाराम, आठ अंडी आहेत तिच्या खाली! चार दिवस राहिलेत पिल्लं फुटायला. आता कशी उठवू तिला?’’

‘‘पाटीत ठेव. पाटीत गवत घाल.’’

फर्डिनंडने पाटीत गवत घातलं, अंडी ठेवली, वर कोंबडी ठेवली. कोंबडी उठून काचेतून गाडीत गेली आणि रिकाम्या सीटवर बसली. ती अंडी नसताना बसली, यावरून तिचा निश्चय कळावा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी भाऊंनी काच वर केली आणि कोंबडीला फर्डिनंडच्या खुराड्यात बंद केलं, तेव्हा तिने जो आक्रोश मांडला त्याने फर्डिनंडला जेवण गेलं नाही.

इथपर्यंत निभावलं होतं. गुरुवारी भाऊंनी गाडीतला वास घालवायचं मनावर घेतलं आणि तिथे घात झाला. वास कसा जातो? धुरीने. भाऊंनी घमेल्यात नारळाची सोडणं पेटवली, वर धूप टाकला, घमेलं गाडीत ठेवलं, काचा लावल्या आणि दोन तास धूर कोंडला. शुक्रवारी परत. स्वतःवर खूश होऊन ते ओट्यावर बसून राहिले. डिकीत गोणपाटाखाली यशोदाबाईंनी कच्च्या राजेळीचे चार घड ठेवले होते, हे त्यांना माहीत होतं. कच्च्या केळ्यांना कोंडून धुरी दिली की ती पिकतात, हेही माहीत होतं, जन्मभर त्यांनी केळी अशीच पिकवली होती. या दोन माहित्यांची डोक्यात गाठच पडली नाही, त्याला कोण काय करणार.

शनिवारी सकाळी यशोदाबाईंनी डिकी उघडली आणि चारही घड पिवळेधमक. वास नाक्यापर्यंत गेला.

‘‘केळीच्या बागेत जन्म काढलात ना हो?’’

‘‘आता ही सगळी आजच सोलायला हवीत. आणि सोललेली वाळवायची कुठे?’’

भाऊंनी गाडीकडे बघितलं. यशोदाबाईंनीही बघितलं.

‘‘यशोदा, नको. उद्या रविवार आहे.’’

‘‘मग चारशे केळी तुम्ही खा.’’

रविवारी सकाळी गाडीची डावी बाजू आरशासारखी होती, टायर चारही फुगलेले होते आणि आत, झोपलेल्या सीटांवर, आजवर कधी नव्हती इतकी केळी होती. त्यांच्यावर पाहुण्यांसाठी राखलेली गुलाबाच्या फुलांची चादर. केळ्यांना वारा लागावा म्हणून काचा दोन बोटं खाली. पुढच्या उजव्या काचेला दोन बोटांवर थांबता आलं नाही, ती सरळ खालीच गेली आणि खालीच राहिली.

बरोबर दहाला टॅक्सी आली. साहेब म्हातारे झाले होते, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. ते वाकले, भाऊ वाकले, साहेब परत वाकले, भाऊ परत वाकले. शेवटी यशोदाबाई म्हणाल्या, ‘‘पुरे आता, चहा गार होतोय.’’

‘‘साहेब, आधी गाडी,’’ भाऊ घाईने म्हणाले. काय ते एकदा होऊन जाऊ दे, असं त्यांना झालं होतं. त्यांनी उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताने डावी बाजू दाखवली. साहेबांनी चकाकत्या पत्र्यावरून हळूच बोट फिरवलं. मान डोलावली. मग, भाऊ म्हणाले होते तसंच, पुढचं डावं दार उघडलं, बूट काढून बाहेर जोडीने ठेवले आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसले. भाऊंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

डोळे उघडले तर साहेब उजवीकडे बघत होते. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती. खाली आठ अंडी. फर्डिनंड कुंपणाआडून सगळं बघत होता आणि आता खाली बसला. कोंबडीचा आक्रोश आदल्या संध्याकाळी त्याला ऐकवेना, म्हणून भिंतीवरून हात घालून त्यानेच तिला अंड्यांसकट उघड्या काचेतून परत सीटवर ठेवलं होतं.

साहेबांनी कोंबडीकडे बघितलं. कोंबडीने साहेबांकडे बघितलं. साहेब जरासे वाकले.

‘‘गंगासान,’’ ते म्हणाले, ‘‘ड्रायव्हर?’’

आणि त्यांनी हात लांबवून चावी फिरवली, मग सवयीने बटण दाबलं. अल्पेशने बॅटरी चांगली टाकली होती. मागचा दरवाजा सुळकन सरकला, त्यात अडकून गुलाबाची चादर सरकली, आणि चारशे केळी उन्हात चमकली. आतल्या बाईने टोलचं कार्ड मागितलं.

भाऊ बुटांशेजारी जमिनीवरच बसले.

‘‘साहेब, मी खोटं बोललो,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी सेम नाही. पाच वर्षं उभीच आहे. उजवी बाजू गेली. मी फक्त डावीचा फोटो पाठवायचो. पार्टही खराब नाही झाला. सगळं खोटं. मला माफ करा.’’ आणि मग भाऊ रडले, अगदी नाक ओढून रडले, आणि यशोदाबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

साहेबांना यातलं किती कळलं कोण जाणे. ते उतरले, मोजे घातलेल्या पायांनी मातीत उभे राहिले आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. आतून निघाले तेरा फोटो. साहेबांनी ते कागदावर छापून आणले होते. बॉनेटवर ते एकेक करून त्यांनी ओळीने मांडले. पहिले आठ स्पष्ट होते, गाडीच्या नंबरातला आकडा न् आकडा वाचता येत होता. नवव्यापासून गाडीच्या कडा पुसट झालेल्या. शेवटच्यात तर एका गाडीच्या तीन गाड्या दिसत होत्या.

साहेबांनी शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. तेरा वर्षांत न वापरलेले शब्द त्यांनी एकेक करून शोधून काढले.

‘‘गाडी बंद,’’ ते म्हणाले. ‘‘फोटो चालू.’’

मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि तो थरथरवून दाखवला. हात खाली घेतला आणि भाऊंकडे बोट केलं.

भाऊंना वाटलं होतं, ते दरवर्षी जपानला गाडी पाठवतायत. पाच वर्षं तिकडे पोचत होता त्यांचा हात. त्यांनी तो पाठीमागून पुढे आणला आणि मांडीवर ठेवला, आणि त्याला थरथरायचं तसं थरथरू दिलं.

‘‘गाडी नाही,’’ साहेब मान हलवत म्हणाले. ‘‘गाडी नाही बघायची. गंगासान.’’ ते खाली वाकले, या वेळी नमस्काराला नव्हे, तर भाऊंना हात देऊन उठवायला. ‘‘दवाखाना? डावीकडे? उजवीकडे?’’

‘‘नाक्यावरून उजवीकडे,’’ यशोदाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र नेहमीसारखा चढलेला होता. ‘‘पाच वर्षं सांगतेय मी त्यांना. पाच वर्षं! पण आज रविवार, आज बंद असतो. उद्या दहाला उघडतो.’’

‘‘उद्या,’’ साहेब म्हणाले आणि टॅक्सीवाल्याला हाताने खूण केली की तू जा.

‘‘साहेब, तुमचं विमान...’’

‘‘विमान बंद,’’ साहेब म्हणाले. ते विमानाबद्दल नेमकं काय म्हणत होते ते भाऊंना कळलं नाही, पण टॅक्सी गेली होती एवढं खरं. साहेबांनी बूट घातले, सुपातलं एक अर्धवट वाळलेलं केळं उचलून तोंडात टाकलं आणि तिथेच चावत उभे राहिले. मग दुसरं उचललं. यशोदाबाईंनी ‘अजून दोन दिवस हवेत त्यांना’ असं तीनदा सांगितलं, पण दोन दिवस हा शब्द रस्त्यावर कधी लागला नव्हता.

चहा आला. भाऊंनी कप उजव्या हाताने उचलला. कप बशीवर खडखड वाजला, निम्मा चहा बशीत आणि थोडा धोतरावर सांडला, आणि भाऊंनी तो सगळ्यांच्या देखत शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.